कर्जाच्या वहीतला मोबाईल

शेतातून घरी आलेल्या, शेताला निघालेल्या, भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या बायांना आमचा नमस्कार.

आज आम्ही मोबाईलच्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत. इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. या इतिहासातही लढाया आहेत, फक्त त्या कंपन्यांच्या आहेत. त्या लढायांचा आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या बायांशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. आम्हालाही हा प्रश्न बचत गटाच्या एका बैठकीतच पडला.

मालेगाव तालुक्यातल्या एका गावात आमच्या गटाची महिन्याची बैठक होती. एका ताईने अंतर्गत कर्ज मागितलं. रक्कम नऊ हजार, कारण मोबाईल. लगेच कुजबुज सुरू झाली. वयाने मोठ्या मावशी म्हणाल्या, "शेळीले कर्ज देऊ, बियाण्याले देऊ. मोबाईल कायले पाह्यजे वं बाई? त्याच्यानं का चूल पेटते?" ताई आधी गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, माह्या खात्याचा ओटीपी यायच्या फोनवर जाते. हे सहा महिने पुण्याले कामावर रायतात. मी दर वेळी कोणाच्या दारात उभी राहू?"

निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. बाया आम्हाला म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या आहात, मोबाईलला कर्ज द्यावं की नाही याचा विचार करून या. आम्ही गटाच्या जुन्या वह्या उघडल्या. गट २००९ मध्ये सुरू झाला. पहिल्या वह्यांत "कर्जाचे कारण" या रकान्यात शेळी, खत, बियाणं, बाळंतपण, मुलीची फी अशा नोंदी आहेत. मोबाईल पहिल्यांदा दिसतो २०१३ मध्ये: "पतीसाठी मोबाईल, २,५०० रुपये." दुसऱ्यांदा २०२० मध्ये: "मुलाच्या शाळेसाठी मोबाईल, ७,००० रुपये." आणि आता हा तिसरा अर्ज, "स्वतःसाठी". तीन नोंदींमध्ये पती, मुलगा आणि शेवटी आपण. या तीन नोंदींच्या मधे काय घडलं, ते आज सांगतो.

आमच्या लहानपणी, म्हणजे वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला त्या १९९८ च्या सुमारास, फोन म्हणजे पीसीओ. एसटी स्टँडजवळ पिवळी पाटी, आत काचेची खोली आणि भिंतीवर लाल आकडे पळणारं मीटर. बोलणं कमी आणि मीटरकडे बघणं जास्त. मोबाईल तेव्हा देशात आला होता. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला, तो भारतातला पहिला मोबाईल कॉल मानतात. पण सुरुवातीला एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत खर्च यायचा. आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे. शेतमजुरी करणाऱ्या घरात असलं यंत्र कोण आणणार?

बदल झाला २००३ मध्ये. मे महिन्यापासून आलेला फोन उचलणं फुकट झालं. त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरा आणि मोबाईल न्या, अशी योजना काढली. बाकीचे पैसे महिन्याच्या बिलातून द्यायचे होते. एक कंपनी खाली उतरली की दुसरीला उतरावंच लागतं. आपल्या बाजारात एका बाईने मेथीची जुडी दहाला लावली की शेजारची पंधराला विकू शकत नाही, तसंच. कॉलचे दर पडत गेले. आणि आपण त्यावरही तोड काढली, मिस कॉल! एक मिस कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे घ्यायला या. पैसा एकही नाही आणि निरोप पोचला.

त्याच वर्षी नोकियाचा ११०० हा फोन आला. तुमच्यातल्या अनेकींना तो आठवत असेल. बटणांवर रबराचं आवरण, त्यामुळे धूळ आत जात नव्हती. वरच्या टोकाला टॉर्च. विदर्भातल्या गावांत तेव्हा भारनियमन किती होतं ते तुम्ही भोगलं आहे. रात्री ओलीत करायला जाणाऱ्याच्या हातात तो फोन म्हणजे कंदील होता. गरीब देशांतल्या लोकांना काय लागतं याचा विचार करून तो बनवला होता. जगभरात तो २५ कोटींवर विकला गेला. फिनलंडच्या या कंपनीने एक साधी गोष्ट ओळखली होती, गिऱ्हाईक गरीब असलं तरी अडाणी नसतं.

पण तो फोन घरात कुणाच्या खिशात असायचा? शर्टाला खिसा असतो, लुगड्याला नसतो. माहेरचा फोन आला तर नवऱ्याने, नाही तर दिराने आणून द्यायचा आणि ते समोर उभे असताना बोलायचं. आईशी मनातलं बोलायला बाईला तेव्हाही विहीरच बरी वाटायची.

गंमत अशी की, ज्या फोनवर आपला हात नव्हता तो बनवण्यात बायांचेच हात होते. २००६ मध्ये नोकियाने तमिळनाडूत चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूर इथे मोठा कारखाना सुरू केला. तिथे आठ हजारांच्या आसपास कामगार होते आणि त्यांत तरुण मुलींची संख्या फार मोठी होती. खेड्यांतून बसने येणाऱ्या, बारावी झालेल्या, घरात पहिल्यांदा महिन्याचा पगार आणणाऱ्या मुली. त्यांच्या हातून कोट्यवधी फोन बाहेर पडले.

नोकियाला पहिला धक्का खालून बसला. स्वस्त चिनी बनावटीचे फोन आले. गावात ते "चायना मोबाईल" म्हणूनच ओळखले जायचे. मोठा आवाज, दोन सिम, किंमत निम्मी. वरातीत डीजे नसला तरी चालेल इतका आवाज! पण त्यांतल्या अनेकांना आयएमईआय नव्हता. आयएमईआय म्हणजे प्रत्येक मोबाईलचा पंधरा आकडी ओळख क्रमांक, गाडीच्या नंबरासारखा. सरकारने सुरक्षेच्या कारणाने २००९ च्या नोव्हेंबरअखेर असे बिननंबरी फोन बंद करायला लावले. स्वस्तात घेतलेलं यंत्र एका रात्रीत मुकं झालं.

मग आपल्या देशातल्या कंपन्या पुढे आल्या. गुडगावच्या मायक्रोमॅक्सने २००८ मध्ये फोन विकायला सुरुवात केली. एकदा चार्ज केला की महिनाभर बॅटरी टिकते, ही त्यांच्या पहिल्या फोनची जाहिरात होती. वीज नसलेल्या गावाला याहून वेगळं काय हवं? पाठोपाठ कार्बन, लावा आल्या. दोन सिमचे स्वस्त फोन त्यांनी गावोगाव पोचवले. नोकियाला हे उशिरा सुचलं. आमच्या वहीतली २०१३ ची नोंद, अडीच हजारांचा फोन, याच काळातली.

दुसरा धक्का वरून बसला आणि तो मोठा होता. २००७ च्या जानेवारीत अमेरिकेत अॅपल कंपनीने आयफोन दाखवला. बटणं जवळजवळ नाहीतच, सगळं काचेवर बोटाने. पुढच्याच वर्षी गूगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन आला. अँड्रॉइड म्हणजे फोन चालवणारी आतली यंत्रणा. गूगलने ती कंपन्यांना फुकट वापरायला दिली. फुकट का? कारण आपण फोनवर काय शोधतो, काय बघतो, त्यावर जाहिराती दाखवून गूगल पैसे कमावतं. यंत्रणा फुकट मिळाल्यावर कुणालाही स्मार्टफोन बनवणं सोपं झालं. कोरियाच्या सॅमसंगने ही संधी सर्वात मोठ्या प्रमाणावर घेतली.

नोकिया मात्र आपल्या जुन्या यंत्रणेला धरून राहिली. २०११ मध्ये तिने मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचा हात धरला. पण त्या फोनवर अॅप कमी होते. एका दुकानात सगळा किराणा मिळतो आणि दुसऱ्यात चारच डबे आहेत, तर गिऱ्हाईक कुठे जाईल? १९९८ पासून जगात पहिला नंबर असलेली नोकिया २०१२ मध्ये सॅमसंगच्या मागे पडली. २०१४ मध्ये तिचा मोबाईलचा धंदा मायक्रोसॉफ्टने विकत घेतला. श्रीपेरंबुदूरचा कारखाना कराच्या वादात अडकला होता, म्हणून तो त्या व्यवहारात गेला नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून तिथलं उत्पादन थांबलं. हजारो मुली घरी बसल्या. ज्यांच्या पगारावर धाकट्या भावंडांचं शिक्षण चाललं होतं, त्यांना कुणी विचारलं नाही की विंडोज घ्यायचं की अँड्रॉइड.

पुढे त्याच श्रीपेरंबुदूरमध्ये दुसरे कारखाने वाढले. आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात आजही बायाच जास्त आहेत. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या कामगार मुलींना वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली. त्या चेन्नई-बंगळुरू महामार्गावर उतरल्या आणि कारखाना काही आठवडे बंद ठेवावा लागला. याच फॉक्सकॉनने २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारशी पाच अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचा करार केला होता. तो कारखाना उभा राहिलाच नाही. तेव्हा आपल्या मुलींच्या वाट्याला यातली नोकरी आली नाही, फक्त फोन आला.

टॅब्लेटची गोष्टही सांगायला हवी. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी "आकाश" नावाचा टॅब्लेट आणला. सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होता आणि विद्यार्थ्यांना त्याहून स्वस्त मिळणार होता. आम्ही तेव्हा नुकत्याच बीए झालेल्या, आम्हालाही फार आशा वाटली. पण पहिला आकाश फार मंद चालायचा, बोट जोरात दाबावं लागायचं, बॅटरी लवकर संपायची. वर्षभराने दुसरा सुधारून आणला, पण तोवर बाजारात त्याच किमतीच्या आसपास खासगी कंपन्यांचे चांगले टॅब्लेट आले होते. शेवटी योजना गुंडाळली गेली. २०१६ मध्ये तर नोएडाच्या एका कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देतो म्हणून जाहिरात केली. लोक नोंदणीला तुटून पडले. पुढे कंपनीचा प्रमुख फसवणुकीच्या गुन्ह्यात पकडला गेला. यातून एक धडा घ्या, मैत्रिणींनो. स्पर्धेने किंमत कमी होते, पण तिलाही तळ असतो. पितळेच्या भावात सोनं कुणी देत नाही.

आता २०१४ पासूनची लढाई. त्या वर्षी चीनच्या शाओमीने भारतात पाऊल ठेवलं. दुकान नाही, मोठी जाहिरात नाही, फक्त ऑनलाईन विक्री. ५,९९९ रुपयांना त्यांनी दिलेला रेडमी इतर कंपन्यांच्या दुप्पट किमतीच्या फोनला टक्कर देत होता. ओप्पो आणि विवोने उलट वाट धरली, गावातल्या दुकानांच्या पाट्याच त्यांनी रंगवून दिल्या. रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, कुठेही जा, हिरवी पाटी ओप्पोची आणि निळी विवोची.

मग ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आलं. त्याआधी एक जीबी इंटरनेटला अडीचशे रुपयांच्या आसपास लागायचे. जिओने सुरुवातीचे काही महिने सगळं फुकट दिलं. पण त्यासाठी फोरजी फोन लागत होता. मायक्रोमॅक्ससारख्या आपल्या कंपन्यांकडे थ्रीजी फोनचा माल पडून होता. चिनी कंपन्यांकडे फोरजी तयार होता. २०१४ मध्ये काही मोजण्यांत सॅमसंगच्याही पुढे गेलेली मायक्रोमॅक्स दोन-तीन वर्षांत दिसेनाशी झाली आणि २०१७ संपता संपता शाओमी भारतात पहिल्या नंबरवर आली. त्याच वर्षी १,५०० रुपये अनामत घेऊन जिओने बटणांचा फोरजी फोन दिला. गावातल्या अनेक बायांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने व्हिडिओ बघितला तो याच फोनवर.

इथवर ऐकलं तर वाटेल, कंपन्या भांडल्या आणि आपला फायदा झाला. ते खरं आहे, पण अर्धंच. स्पर्धेने फोन स्वस्त केला, पण तो बाईच्या हातात दिला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की देशातल्या ५४ टक्के बायांकडे स्वतः वापरायचा मोबाईल आहे. खेड्यात हे प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. आणि यात साधा बटणांचा फोनही आला.

वहीतली दुसरी नोंद २०२० ची. शाळा बंद, अभ्यास मोबाईलवर. एप्रिलपासून मोबाईलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झालेला. ज्या घरात एकच स्मार्टफोन, तिथे आधी मुलाचा वर्ग, मग वेळ उरला तर मुलीचा. आईने गटातून कर्ज काढलं, हप्ते तिने फेडले आणि फोन मुलाचा झाला.

स्पर्धेची दुसरी बाजू म्हणजे कालचा फोन आज जुना होतो. याचा सगळ्यात कडू अनुभव आपल्या अंगणवाडीताईंना आला. सरकारने त्यांना दिलेले फोन दोन जीबी रॅमचे होते. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे अॅप आलं आणि ते फोन त्याच्यापुढे टिकेनात. गरम व्हायचे, अडकायचे, जागा पुरायची नाही. दुरुस्तीचा खर्च ताईंच्या माथी. त्यात अॅप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. पिशव्या भरभरून फोन कार्यालयांत नेऊन ठेवले. "काम करणार नाही" असं त्या म्हणत नव्हत्या, "काम होईल असं हत्यार द्या" एवढंच मागत होत्या. २०२३ च्या संपातही नव्या मोबाईलची मागणी होतीच.

आता सगळाच कारभार फोनवर आला आहे. ई-पीक पाहणी फोनवर. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज फोनवर, आणि २०२५ च्या ई-केवायसीत स्वतःच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी. म्हणजे पैसा बाईच्या नावाचा, पण किल्ली कुणाच्या तरी फोनमध्ये. आमच्या माहितीतल्या एका बाईचा दीड हजाराचा हप्ता आला हे तिला तीन आठवड्यांनी कळलं, कारण मेसेज दुसऱ्याच्या फोनवर होता. तोवर पैसे खर्चही झाले होते.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं आणि बायांपुढे एकच प्रश्न ठेवला. ज्या फोनवरून खात्यातला पैसा हलतो, तो फोन चैन आहे की तिजोरीची किल्ली? मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "किल्ली तं आपल्याच कमरेले पाह्यजे." कर्ज मंजूर झालं. मात्र बायांनी काही अटी घातल्या. त्या चांगल्या आहेत, म्हणून तुम्हालाही सांगतो.

पहिली अट, पक्कं बिल आणि सिम स्वतःच्या नावावर. बँकेत आणि आधारलाही तोच नंबर जोडायचा.

दुसरी, विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारायचं, या फोनला सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? काही महागड्या फोनला आता सात वर्षांचं आश्वासन मिळतं, स्वस्त फोनला पुष्कळ कमी. अपडेट थांबले की अॅप एकेक करून बंद पडतात. २०२३ च्या ऑक्टोबरपासून अँड्रॉइड पाचच्या आधीच्या फोनवर व्हॉट्सअॅप चालत नाही, हे ध्यानात ठेवा. दोन हजार वाचवून दोन वर्षांत पुन्हा कर्ज काढण्यापेक्षा आधीच विचारलेलं बरं.

तिसरी, जुना फोन घ्यायचा असेल तर आयएमईआय तपासायचा. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो पंधरा आकडी क्रमांक दिसतो. मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक टाकायचा आणि १४४२२ वर पाठवायचा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, ते कळतं.

चौथी, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालाही नाही, गटातल्या आम्हालाही नाही.

कंपन्या अशाच भांडत राहतील. नोकिया गेली, मायक्रोमॅक्स गेली, आज ज्यांच्या पाट्या आपल्या चौकात आहेत त्यांच्यातल्याही काही उद्या नसतील. आपण त्यांचं भांडण थांबवू शकत नाही. पण घरात आलेला फोन कुणाच्या हातात राहील, हे आपण ठरवू शकतो. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत जुन्या वह्या काढा आणि मोबाईलच्या नोंदी शोधा. कर्ज कुणी काढलं, हप्ते कुणी फेडले आणि फोन कुणी वापरला, हे तीन प्रश्न एकमेकींना विचारा.

आमच्या वहीत त्या दिवशी नोंद झाली: "मोबाईल, ९,००० रुपये, स्वतःसाठी." ताईने सही केली. जामीनदार म्हणून खाली अंगठा आहे, तो मावशींचा.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.